वाटलं की वाट द्यायची

सर कुठलीही फाइल उघडली की आधी तिच्या माथ्याकडे पाहत. खाली काय लिहिलंय, ते चालतं का, किती वेगाने चालतं, हे सगळं नंतर. माथ्यावर नाव नसेल तर ते कीबोर्ड बाजूला सारत आणि विचारत, "हे कुणाचं?" विद्यार्थी म्हणे, माझंच. सर म्हणत, "तुझं असतं तर इतकं नीट नसतं." मग तो विद्यार्थी कुठून उतरवलं ते सांगे, सर त्याला ते नाव वर लिहायला लावत आणि पूर्ण गुण देत. उतरवल्याबद्दल त्यांनी कुणाचे गुण कापल्याचं मला आठवत नाही. नाव खोडल्याबद्दल मात्र त्यांनी एका संचालकाच्या भाच्याला नापास केलं होतं. त्यानंतर विभागप्रमुखपद त्यांच्याकडे कधी आलं नाही.

परभणीतल्या एका खासगी तंत्रनिकेतनात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. ते तंत्रनिकेतन आता बंद आहे. इमारतीत मंगल कार्यालय चालतं. मी तिथे त्यांच्या हाताखाली पदविका घेतली, पुढे त्या विषयाचं काहीही केलं नाही आणि वर्तमानपत्रात गेलो. जिल्ह्याचा बातमीदार म्हणून मी परभणीतच राहिलो आणि त्यांच्या घरी जाणंयेणं सुटलं नाही. त्यामुळे डाळीच्या मशीनचं प्रकरण मला सुरुवातीपासून पाहायला मिळालं.

विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'वाटसरू' म्हणत. त्याचं मूळ त्यांच्या एका वाक्यात होतं आणि त्या वाक्याचं मूळ बोरीच्या शिवारात. बोरीला त्यांच्या वडिलांचं रान होतं, चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या रानांनी वेढलेलं. जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून. त्या शेजाऱ्याने वाट देताना एकच अट घातली होती : तुमच्या मागे ज्याचं रान आहे, त्याला तुम्ही तुमच्यातून वाट द्यायची. वडिलांनी ती दिली. मागच्याने त्याच्या मागच्याला दिली. कागद झाला नाही, तरी त्या वाटेने बैलगाड्या जात राहिल्या. पुढे शेजाऱ्याचं रान विकलं गेलं. नव्या मालकाने वाट नांगरून टाकली आणि तहसीलमध्ये सांगितलं की अशी वाट कुठल्याही नकाशात नाही. ते खरं होतं.

संगणकाच्या लायसनचा तास सर या वाटेवरून सुरू करत. जगभर काही माणसं कोड लिहितात आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवतात. कुणीही तो घ्यावा, बदलावा, विकावाही. अट अशी की बदललेला कोड कुणाला दिला, किंवा तो घातलेलं यंत्र कुणाला विकलं, तर लिहिलेला मूळ मजकूरही सोबत द्यायचा, म्हणजे घेणाऱ्यालाही तो उघडून बदलता येईल. स्वतःच्या घरात वापरला तर काही बंधन नाही. सरांनी हे सगळं एका ओळीत बसवलं होतं : "वाटलं की वाट द्यायची." इतरांना वाटलं, म्हणजे वितरित केलं, की आत जायची वाट द्यायची.

या वाक्यात एक खोट होती आणि ती पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरून दाखवली गेली. 'वाटलं' म्हणजे मनात आलं, असंही होतं. मनात आलं तर वाट द्यायची. नाही आलं तर नाही. वर्ग हसला. एका अर्धविरामासाठी अख्खी उत्तरपत्रिका परत करणारे सर यावर एवढंच म्हणाले, "मराठी वाचणाऱ्याला कळतं." हे वाक्य बदलायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

दुसरा त्यांचा हट्ट 'फुकट' या शब्दावर होता. कुणी म्हणालं की सर, हे नेटवर फुकट मिळतं, की त्यांची वर्गातली प्रमाण मराठी सुटायची आणि बोरी बाहेर यायची. "फुकट न्हाई रे, मोकळं हाय. फुकट म्हणजे देणारा विसरला. मोकळं म्हणजे त्याच्या ध्यानात हाय." हा फरक परीक्षेत येत नसे, त्यामुळे कुणी लिहून घेत नसे.

ते शिकवत ती चिपही या प्रश्नाला सोयीची होती. तिला एफपीजीए म्हणतात. बाजारातून आणली तेव्हा ती कोरी असते. आपण मजकूर लिहायचा, आणि 'टूल' म्हणतात त्या प्रोग्रामने तो आत भरला की चिपमधल्या हजारो जोडण्या त्या मजकुराप्रमाणे जुळतात. म्हणजे लिहिलेल्या ओळींचं यंत्र होतं. दरवर्षी पहिल्या तासाला सर विचारत, हे सॉफ्टवेअर की हार्डवेअर? लेखनाला कॉपीराइट असतो, हे सर्वांना माहीत आहे. पण लिहिलेलं वाचून तारा जोडल्या, तर तारांना कॉपीराइट असतो का? चिप विकणारा पुस्तक विकतो की पंखा? तास संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी वाद व्हायचा आणि सर उत्तर न सांगता हजेरीपट घेऊन निघून जायचे. आम्हाला याचा राग यायचा. त्यांना उत्तर माहीत नव्हतं, हे मला खूप उशिरा कळलं. त्यांना ते हवं होतं, आणि ते देणारा माणूस किंवा कचेरी त्यांना जिल्ह्यात सापडत नव्हती.

घरातही हेच चाले. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. लग्नपत्रिकेवरची चारोळी वाचून सर ती कुणाची म्हणून विचारत, आणि नाव छापलेलं नसेल तर वधूपित्याला फोन करत. शेजारच्याकडून आणलेल्या शिडीवर त्यांनी खडूने मालकाचं नाव लिहिलं होतं. शेजाऱ्याला ते अपमानाचं वाटलं आणि त्याने पुन्हा शिडी दिली नाही. बाई म्हणायच्या, "जगाला वाट द्यायला निघालेत. दारातल्या चपला हलवा अगोदर, मला आत यायला वाट न्हाई." सर चपला हलवायचे.

परभणीजवळ शेड टाकून एक छोटी कंपनी डाळ निवडायच्या मशीन बनवू लागली होती. डाळ वरून घसरत येते, कॅमेरा तिचा रंग पाहतो, डागी दाणा दिसला की हवेचा फटका मारून तो बाजूला उडवतो. दाणा पडायच्या आत निर्णय व्हावा लागतो, म्हणून आत एफपीजीए. तिचं डिझाइन सरांनी लिहून दिलं. पाया त्यांचा नव्हता. युरोपातल्या एका निवृत्त अभियंत्याने कॅमेऱ्याची चित्रं वाचणारं डिझाइन लिहून मोकळं ठेवलं होतं, वाटेच्या अटीसकट. सरांनी त्याच्यावर डाळीचा मजला चढवला. फाइलच्या माथ्यावर त्या अभियंत्याचं नाव, त्याची अट, खाली स्वतःचं नाव आणि सर्वांत खाली देवनागरीत ती ओळ : वाटलं की वाट द्यायची. कंपनीच्या मालकाने हे वाचून मान डोलावली होती. सरांनी ती संमती धरली.

मशीन चालल्या. एक वालूरच्या शेतकरी कंपनीने आपल्या छोट्या डाळ मिलमध्ये बसवली, एक बोरीच्या गटाने घेतली. वालूरच्या कंपनीचे अध्यक्ष होते त्यांना सगळे आबा म्हणत. मग एका हंगामात तुरीच्या काढणीला पाऊस लागला आणि डाळीचा रंग मातकट आला. खायला डाळ चांगली होती. मशीनला ती डागी वाटली आणि तिने चांगल्या डाळीचा ढीग बाजूला उडवला. रंगाची सीमा बदलायची तर चिपमधलं डिझाइन बदलावं लागणार होतं. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा तोपर्यंत त्यातला रस संपला होता. ती सोलर पंप विकत होती. आबा परभणीला सरांच्या घरी आले.

सरांकडे त्यांचं मूळ डिझाइन होतं, पण ते या मशीनवर चालेना. मधल्या काळात कंपनीने कॅमेरा बदलला होता आणि त्याप्रमाणे डिझाइनही. हे काम कंपनीतल्या गिरीशने केलं होतं. गिरीश सरांचाच विद्यार्थी, माझ्यामागून दोन वर्षांचा. तेव्हा सरांना हवं होतं ते एवढंच : गिरीशने बदललेला मजकूर. अटीप्रमाणे तो मशीनसोबत वालूरला मिळायलाच हवा होता. तो मिळाला असता तर सरांनी रंगाची सीमा एका दुपारी बदलून दिली असती.

त्यांनी गिरीशला फोन लावला तेव्हा मी समोर होतो. फोन स्पीकरवर होता. गिरीशने सांगितलं, मजकुरावर कुणाचीच अट नाही, वर काही लिहिलेलं नाही. सरांनी विचारलं, मी लिहिलं होतं त्याचं काय झालं?

"सर, देवनागरी अक्षरं आली की टूल एरर द्यायचं. पुढंच सरकंना. म्हणून वरचं काढलं."

"मग मराठी ओळ काढायचीस. तिच्या वरची नावं कशाला काढलीस?"

"एकदम सिलेक्ट झालं, सर."

सरांनी मजकूर मागितला. गिरीश मालकाला विचारतो म्हणाला आणि दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. मालकाचं म्हणणं असं होतं की चिप म्हणजे हार्डवेअर. ट्रॅक्टरसोबत कुणी त्याचे नकाशे देत नाही. एवढं सांगून झाल्यावर गिरीशला गंमत सुचली. "अन् सर, वाक्य तर तुमचंच हाय. वाटलं की द्यायची. मालकाला आजून वाटलं न्हाई."

बाई हसल्या. सर हसले नाहीत.

त्यानंतरच्या वर्षभरात सर ज्या ज्या दारात गेले, तिथे त्यांना पुढचं दार दाखवलं गेलं. पहिले वकीलसाहेब. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर हाय?" हा अर्धा विनोद होता. सरांनी तो पूर्ण गांभीर्याने घेतला आणि पाया कुणाचा, मजला कुणाचा, ते समजावलं. वकीलसाहेब म्हणाले, म्हणजे सामायिक. मग त्यांनी कायदा पाहिला. संगणकाच्या प्रोग्रामला कॉपीराइट आहे. चिपच्या आतल्या आराखड्याला वेगळा कायदा आहे. यंत्राच्या शोधाला पेटंट आहे. कोऱ्या चिपमध्ये भरलेला मजकूर यातल्या कशात बसतो, यावर त्यांना जिल्हा न्यायालयातला एकही निकाल मिळाला नाही. सर म्हणाले, "म्हणजे तिन्ही बांधांच्या मधली जागा." वकीलसाहेब म्हणाले, तिथंच भांडणं होतात.

तरीही नोटीस गेली. ती इंग्रजीत होती, म्हणून सरांच्या ओळीचा अनुवाद जोडावा लागला. वकीलसाहेबांकडे अनुवाद करणारा गृहस्थ एरवी जमिनीचे कागद इंग्रजीत करत असे. 'वाटलं' त्याने मनात येणं धरलं आणि 'वाट' म्हणजे रस्ता, तोही सरांच्या गावचा, बोरी शिवारातला. नोटिशीत असं गेलं की मनात आल्यास रस्ता देण्याचं कंपनीने मान्य केलं होतं, आणि तो अद्याप दिलेला नाही. ही नोटीस सरांनी सही करण्यापूर्वी वाचली होती का, हे मी त्यांना विचारलं. तांत्रिक भाग वाचला होता, म्हणाले. आपली ओळ कशाला वाचायची, ती आपलीच होती.

कंपनीच्या वकिलांचं उत्तर आलं. आमच्या अशिलाची बोरी शिवारात अथवा अन्यत्र कोणतीही शेतजमीन नाही. त्यांनी कोणाचाही रस्ता अडवलेला नाही. रस्ता देण्याचे त्यांच्या मनात कधी आलेले नाही, आणि आले तरी देण्यास त्यांच्याकडे रस्ता नाही. सबब नोटीस मागे घ्यावी.

सरांनी ते दोनदा वाचलं. हाताला लाल पेन होतं, पण कुठे खूण करावी असं त्यांना काही सापडलं नाही. "एक वाक्य खोटं न्हाई यातलं," ते म्हणाले. दुसरी नोटीस काढण्यापुरता धीर वकीलसाहेबांत उरला नव्हता. तुमचं वाक्य बदलून आणा, मग बघू, असं ते म्हणाले. सर पुन्हा तिकडे गेले नाहीत.

मी बातमी लिहिली. लायसनची अट, खोडलेली नावं, कायद्यातली मोकळी जागा, सगळं तिच्यात होतं. डेस्कवरून फोन आला : आरोपी कोण? गुन्हा कुठल्या ठाण्यात? दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकट आली, वालूर येथील डाळ निवडणी यंत्र बंद, शेतकरी त्रस्त. सरांनी ती कापून ठेवली नाही. त्यांनी फक्त विचारलं की बातमीवर माझं नाव का नाही.

मग त्यांनी युरोपातल्या त्या अभियंत्याला लिहिलं. मूळ मालक तो होता; त्याने तक्रार केली असती तर प्रकरणाला वजन आलं असतं. त्याचं उत्तर लगेच आलं आणि ते अतिशय सभ्य होतं. निवृत्तीनंतर विरंगुळा म्हणून लिहिलं होतं, ते भारतात डाळ निवडतं आहे हे वाचून आनंद झाला, भांडणाची इच्छा नाही, नाव काढलं असेल तर हरकत नाही, सर्वांना शुभेच्छा. कंपनीने केलेल्या कशाहीपेक्षा सरांना हे जास्त लागलं. "अट घालायची अन् राखायची न्हाई. त्याच्या नावासाठी मी इथं भांडायलोय, अन् तो म्हणतो हरकत न्हाई."

राहिला त्यांचा स्वतःचा मजला. तो त्यांनी नोकरीत असताना लिहिला होता, म्हणून त्यावर हक्क संस्थेचा की त्यांचा, हेही स्पष्ट नव्हतं. संस्थेचे सचिव मंगल कार्यालयाच्या ऑफिसात भेटले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की आता आमच्याकडे फक्त हॉलचं बुकिंग असतं, कुठली तारीख हवी?

त्या उन्हाळ्यात सर एसटीने वालूरला जाऊन मिलच्या शेडमध्ये बसू लागले. पत्र्याखाली, पंख्यापुढे, तारांतले संकेत पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेऊन. बदललेला मजकूर मिळत नाही, तर नव्या कॅमेऱ्याच्या तारांतून काय येतं ते पाहून सगळं पुन्हा लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पेटी उघडली तेव्हा कॅमेऱ्याच्या बोर्डावरच्या चिपांचे नंबर घासून काढलेले निघाले. नक्कल होऊ नये म्हणून असं करतात. सरांनी त्या गुळगुळीत पाठीवरून बोट फिरवलं. "इथंबी नाव खोडलंय," ते म्हणाले. वीज जायची, मोजलेलं निसटायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेडच्या दुसऱ्या टोकाला बाया जमिनीवर बसून हाताने डाळ निवडत. त्यातली एक म्हणाली की मास्तरची मशीन सुरू होईस्तोवर आमची नातवंडं निवडायला लागतील. सरांनी मान वर न करता सांगितलं की मास्तरचा अंदाज तोच आहे.

पावसाळ्याआधी मशीन सुरू झाली. वेग निम्मा होता. कॅमेऱ्याची एक बाब सरांना शेवटपर्यंत उलगडली नाही. पण ती मातकट डाळ ओळखत होती. नव्या फाइलच्या माथ्यावर त्यांनी पुन्हा त्या अभियंत्याचं नाव घातलं, ज्याची हरकत नव्हती त्याचं. खाली स्वतःचं. आणि तीच ओळ, या वेळी रोमन अक्षरांत, टूल अडू नये म्हणून. आबांनी शाल दिली. सरांनी भाषणात ती ओळ समजावली. टाळ्या वाजल्या.

हीच निम्म्या वेगाची फाइल त्यांनी बोरीच्या गटालाही दिली.

पुढचा भाग सांगायला अवघड नाही, फक्त चिडचिड होते. कंपनी बंद झाली आणि गिरीश मोकळा झाला. आबांनी त्याला वालूरच्या मिलवर घेतलं. कॅमेऱ्याची उरलेली बाब त्याला माहीत होती. त्याने सरांच्या फाइलमध्ये ती बसवली आणि मशीन पूर्ण वेगाने चालू लागली. बोरीच्या लोकांना हे कळलं, त्यांनी वालूरला जाऊन बदललेली फाइल मागितली, आणि आबांनी नाही म्हटलं. बोरीचे लोक तिथून थेट परभणीला सरांकडे आले. गाव सरांचं, त्यामुळे ते हक्काने आले होते.

सरांनी त्यांना परत पाठवलं. त्यांचं म्हणणं असं : वालूरने फाइल घरात वापरली आहे, कुणाला वाटलेली नाही. अट वाटल्यावर लागते. "त्यांचा हक हाय तो. मी अट मोडू का, गाव माझं म्हणून?" बोरीचा म्होरक्या सरांचा चुलतभाऊ होता. तो उठताना म्हणाला, "दादा, तुझी वाट लय नीट हाय. फक्त आपल्याकडं येत न्हाई." त्यानंतर गावाकडून त्यांना लग्नाची बोलावणीही कमी झाली.

काही महिन्यांनी सरांना समजलं की आबांनी सेलूच्या एका मिलवाल्याच्या मशीनमध्ये तीच फाइल बसवून दिली आहे आणि पेटीला सील मारलं आहे. म्हणजे आता वाटली होती. सर त्या दिवशी मला घेऊन वालूरला गेले. अलीकडे धरलेल्या दम्याने त्यांना बसमध्ये बोलता येत नव्हतं, पण चेहरा बरा होता. त्यांची अट एकदाची लागू झाली होती, आणि समोरची माणसं टाळ्या वाजवलेली होती.

आबांनी चहा मागवला. गिरीश स्क्रीनसमोर होता. सरांनी त्याला फाइल उघडायला लावली आणि माथा पाहिला. तिन्ही ओळी जागेवर होत्या. रोमन अक्षरांना टूल अडत नव्हतं, त्यामुळे कुणाला काही काढावं लागलं नव्हतं.

"गिरीश, हे कुणाचं?"

"तुमचंच की, सर."

"माझं असतं तर मागायला आलो असतो का?"

गिरीशने आबांकडे पाहिलं. आबा मऊपणाने बोलले. सर, तुमी लय केलं आमच्यासाठी, पण बोरीवाल्यांना दिलं तर सेलूचं गिऱ्हाईक त्यांच्याकडं जाईल. ज्याने उन्हात बसून करून घेतलं, त्याला चार पैसे मिळू नयेत का? सर म्हणाले, मिळावेत, विका, पण सोबत मजकूर द्या. आबांना यातला 'पण' समजत नव्हता, आणि तो समजावण्याइतका दम सरांच्या छातीत नव्हता. त्यांनी चहा संपवला. निघताना गिरीशने वाकून नमस्कार केला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं की त्याने स्वतःचं नाव वर का घातलं नाही; कॅमेऱ्याचं काम त्याचं होतं.

सर त्या हिवाळ्यात गेले. अंत्यविधी बोरीला झाला. रान जवळ होतं तरी गाडीरस्त्याने वळसा घालून जावं लागलं. जुन्या वाटेवर हरभरा उभा होता, चांगला दाटला होता. चुलतभाऊ सगळ्यांत पुढे होता. बाईंनी नंतर सरांचा संगणक बोरीच्या गटाला देऊन टाकला. त्यात निम्म्या वेगाची फाइल आहे. बोरीची मशीन अजून त्याच वेगाने चालते आणि उरलेली डाळ बाया हाताने निवडतात.

यंदा तुरीच्या हंगामात मी बातमीसाठी वालूरला गेलो. मिल नीट चालली होती. आबांनी सगळं दाखवलं, आकडे दिले, फोटोसाठी मशीनशेजारी उभे राहिले. शेडच्या भिंतीवर सरांचा फोटो आहे, त्याला हार होता. काम झाल्यावर मी बोरीसाठी फाइल मागितली. पेन ड्राइव्ह कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं. आबा म्हणाले, सरांची फाइल अशी कुणालाही कशी द्यायची? सरांची लेखी परवानगी आणा.

मी म्हणालो, परवानगी फाइलच्या माथ्यावरच लिहिलेली आहे. सरांनी स्वतः लिहिलेली.

"ती ओळ आमी वाचलीय," आबा म्हणाले. "ती कंपनीसाठी होती."